वैजयंतीमाला : सिनेमा हा मधला मुक्काम

हिंदी सिनेमाचा इतिहास लिहिणारे वैजयंतीमाला यांचं प्रकरण १९७० साली बंद करतात. 'गंवार' हा शेवटचा चित्रपट. त्याआधी दोन वर्षं डॉ. चमनलाल बाली यांच्याशी लग्न, मग मद्रास, संसार, थोडं राजकारण. संपलं. मद्रासच्या संगीत-नृत्याच्या सभांना नेमाने जाणाऱ्या रसिकाच्या लेखी मात्र १९७० हे साल काहीच संपवत नाही. उलट बाई तेव्हा कुठे मोकळ्या झाल्या. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना १९८२ साली मिळाला तो भरतनाट्यमसाठी, शेवटचा सिनेमा लागून बारा वर्षं उलटल्यावर. २०२४ साली, वयाच्या नव्वदीत, त्या अयोध्येच्या नव्या राममंदिरात नाचल्या आणि ती चित्रफीत घरोघरच्या मोबाइलवर फिरली. ती पुढे पाठवताना बहुतेकांनी 'संगमची नायिका' असंच लिहिलं.

पडद्यावरची वर्षं मोजली तर १९४९ ते १९७०, म्हणजे एकवीस. नाच त्याच्या कितीतरी आधी सुरू झाला होता आणि नंतर पन्नासहून अधिक वर्षं चालू राहिला. हा हिशेब एकदा मांडला की सिनेमा हा त्यांच्या आयुष्यातला मधला मुक्काम ठरतो. मुक्काम दिमाखदार होता, पैसा आणि कीर्ती देणारा होता, त्याबद्दल वाद नाही. पण घर दुसरीकडे होतं. आपण मराठी प्रेक्षकांनी त्यांना मुक्कामावर पाहिलं आणि तेच घर समजलो.

जन्म १३ ऑगस्ट १९३३चा, मद्रासच्या ट्रिप्लिकेनमधला. घराणं मंड्यम अय्यंगारांचं, मूळ म्हैसूर मुलखातलं. वडील एम. डी. रामन. आई वसुंधरादेवी स्वतः नटी; १९४३ साली आलेल्या 'मंगम्मा शपथम' या तमिळ चित्रपटाने तिला दक्षिणेत घरोघरी नेलं. सनातनी अय्यंगार घरातली बाई पडद्यावर नायिका म्हणून उभी राहते, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. मुलीला वाढवलं ते आजीने. यदुगिरीदेवी हे या कहाणीतलं सगळ्यात ठाम पात्र. नातीचा नाच, गाणं, शाळा, पुढे सिनेमाचे करार, सगळ्यावर आजीची नजर. अगदी लहान वयात, आईवडिलांबरोबरच्या युरोपच्या प्रवासात, ही मुलगी व्हॅटिकनमध्ये पोप बारावे पायस यांच्यासमोर नाचली होती. परत आल्यावर चर्च पार्कची कॉन्व्हेंट शाळा आणि घरी नृत्याची तालीम, असा दिवस विभागलेला.

गुरू होते वळुवूर रामय्या पिळ्ळै. या नावाजवळ थोडं थांबायला हवं, कारण त्याच्यामागे त्या काळच्या मद्रासची सगळी उलथापालथ आहे.

आज भरतनाट्यम म्हटलं की सुशिक्षित घरातल्या मुलीचं अरंगेत्रम म्हणजे पहिला जाहीर कार्यक्रम, पत्रिका, नातेवाईक, फोटो असं चित्र डोळ्यांसमोर येतं. १९३०च्या आसपास असं चित्र मद्रासमध्ये कुणाला सुचलंही नसतं. या नाचाला तेव्हा 'सदिर' म्हणत आणि तो देवदासींच्या घराण्यांकडे होता. डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांनी देवदासी प्रथेविरुद्ध मोहीम चालवली, तर ई. कृष्ण अय्यर यांच्यासारख्यांनी प्रथा जावी पण नाच राहावा म्हणून झगडा मांडला. मद्रासच्या म्युझिक अकादमीने व्यासपीठ दिलं. १९३५ साली रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी अड्यारच्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या आवारात पहिल्यांदा नृत्य केलं आणि पुढे कलाक्षेत्र उभं केलं. १९४७ साली मद्रास प्रांतात देवदासी म्हणून मुली वाहण्यावर कायद्याने बंदी आली. या पंधरावीस वर्षांत एक विलक्षण अदलाबदल झाली. नाचणाऱ्या घराण्यांतल्या बायका मंचावरून मागे सरल्या. बालसरस्वतींसारखा अपवाद थोडका. त्याच घराण्यांतले पुरुष, म्हणजे नट्टुवनार, मात्र गुरू म्हणून टिकले आणि ब्राह्मण घरांतल्या मुलींना शिकवू लागले. रामय्या पिळ्ळै त्यांच्यातले अग्रणी. कुमारी कमला ही त्यांची शिष्या, वैजयंतीमालाही त्यांचीच.

म्हणजे तेराव्या वर्षी अरंगेत्रम करणारी ही अय्यंगार मुलगी ज्या मंचावर उभी राहिली, तो मंच नुकताच कुणाकडून तरी काढून घेतलेला होता. यात तिचा दोष काहीच नाही. पण ही गोष्ट मनात ठेवून तिचे सिनेमे पाहिले तर ते वेगळे दिसू लागतात. त्याकडे पुढे येतोच.

सिनेमा आला तो नाचाच्या वाटेने. एव्हीएमचे मेय्यप्पा चेट्टियार 'वाळ्‌कै'ची जुळवाजुळव करत होते. दिग्दर्शक एम. व्ही. रामन नव्या चेहऱ्याच्या शोधात असताना त्यांनी मद्रासच्या गोखले हॉलमध्ये या मुलीचा नाच पाहिला. हॉल आपल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या नावाचा. हा निव्वळ योगायोग, पण मराठी माणसाला नोंदवल्याशिवाय राहवत नाही. आजीला शिक्षण बुडण्याची धास्ती, त्याहून जास्त नाच बुडण्याची. शेवटी होकार मिळाला. १९४९चा 'वाळ्‌कै' चालला, त्याचा तेलुगू अवतार 'जीवितम' चालला आणि १९५१ साली हिंदी 'बहार' आला. हिंदी येत नव्हतं, तर मद्रासच्या हिंदी प्रचार सभेत जाऊन शिकल्या, संवादांना दुसऱ्या कुणाचा आवाज उसना घेतला नाही. दक्षिणेतून आलेल्या नायिकांपैकी कितींनी पुढे ही तसदी घेतली, ते वाचकांनी आठवून पाहावं.

मद्रासच्या नाचाची चव उत्तरेला थोडीफार लागलेली होती. १९४८ साली उदयशंकरांचा 'कल्पना' आणि एस. एस. वासन यांचा 'चंद्रलेखा' हे दोन्ही आले होते. 'चंद्रलेखा'तल्या अवाढव्य नगाऱ्यांवरच्या नाचाने मुंबईचे निर्माते चकित झाले होते. पण त्या भव्य देखाव्यात नाचणारी व्यक्ती म्हणून कुणी लक्षात राहत नव्हतं. वैजयंतीमाला यांनी ते बदललं. नायिका स्वतः नाचते, नाच येतो म्हणून ती नायिका आहे, आणि प्रेक्षक तिकीट काढतो ते त्याच्यासाठी, ही सांगड त्यांच्यापासून पक्की झाली. १९५४चा 'नागिन' त्याचा पुरावा. दिग्दर्शक नंदलाल जसवंतलाल. कथा फारशी आठवावी अशी नाही. हेमंतकुमारांचं संगीत मात्र देशभर गाजलं; त्यातली पुंगी खरी पुंगी नव्हतीच, कल्याणजींनी क्लॅव्हायोलिनवर आणि रवींनी हार्मोनियमवर तो सूर काढला होता. नाचही तसाच. आदिवासी म्हणून दाखवलेला, प्रत्यक्षात स्टुडिओत जन्मलेला. भरतनाट्यम त्यात शोधू नये. सापडते ती भरतनाट्यमने घडवलेली पाठ, मान आणि डोळे. सापाच्या नावाखाली बाकीच्या नट्या नुसत्या वळवळल्या असत्या. इथे प्रत्येक वळण समेवर येऊन थांबतं.

थांबणं हाच त्यांच्या नाचाचा खरा गुण आहे असं मला वाटतं. भरतनाट्यममध्ये नर्तकी अरैमंडीत, गुडघे बाहेर वळवून अर्धी बसते आणि तिथून अडवू, म्हणजे मूळ पदन्यास, सुरू होतात. वेग कितीही वाढला तरी तीर्मानम, म्हणजे शेवटचा लयबद्ध तुकडा, संपताना शरीर एका रेषेत येऊन गप्प उभं राहिलं पाहिजे. लहानपणापासूनच्या तालमीत हे अंगात इतकं मुरतं की पुढे लोकनृत्य करा, मुजरा करा, शरीर कुठे थांबायचं ते विसरत नाही.

सभेतला नाच आणि स्टुडिओतला नाच यांच्यातला फरकही समजून घ्यायला हवा. कच्चेरीत, म्हणजे सभेतल्या कार्यक्रमात, मुख्य रचना असते ती वर्णम्. एकच वर्णम् पाऊण तास चालू शकतं. त्यात शुद्ध नृत्ताचे तुकडे आणि अभिनय आळीपाळीने येतात, एकाच ओळीचा अर्थ दहा तऱ्हांनी फुलवला जातो, बाजूला गुरू हातात तालम् घेऊन बोल म्हणत बसलेला असतो. सिनेमाच्या गाण्याला तीनचार मिनिटं. तीही एका दमात नाहीत. आधी मुखडा, मग दोन दिवसांनी अंतरा, मधेच दिवे बदलतात, कॅमेरा चेहऱ्यावर जातो तेव्हा पाय कापले जातात आणि पायांवर जातो तेव्हा चेहरा. आवाज दुसऱ्याचा. ताल ध्वनिमुद्रणात आधीच गोठलेला, त्यामुळे नर्तकी आणि वादक यांच्यातली जी झुंज मंचावर रंगते तिला इथे जागाच नाही. शास्त्रीय नर्तकीला हे सगळं अर्धवट वाटणार यात नवल नाही. वैजयंतीमाला यांनी या अर्धवटपणाशी तडजोड केली, पण सभा सोडली नाही. मुंबईत नायिका म्हणून बिनीवर असतानाही त्यांचे कार्यक्रम चालू राहिले. रियाज ही त्यांच्या बाबतीत जाहिरातीपुरती गोष्ट नव्हती.

मुंबईतल्या नृत्यदिग्दर्शकांपैकी हिरालाल आणि सोहनलाल हे दोघे भाऊ जयपूरचे, कथकच्या वळणाचे. गोपीकृष्ण बनारस घराण्याच्या कथकचे. म्हणजे शरीर तंजावूरच्या परंपरेचं आणि रचना उत्तरेची, असा मिलाफ त्यांच्या गाण्यांत वारंवार दिसतो. शुद्धतेचा आग्रह धरणारे नाक मुरडतात. मला त्यात काही वावगं वाटत नाही. हिंदी सिनेमाचा नाच हा असाच सरमिसळीचा आहे, आणि सरमिसळ करायलाही कुठलं तरी एक अंग मुळात पक्कं असावं लागतं. सोहनलाल यांच्या हाताखाली घडलेल्या सरोज खान यांनी तीच शिदोरी पुढच्या पिढीच्या नायिकांपर्यंत नेली.

आता 'देवदास'. १९५५. बिमल रॉय. पारो सुचित्रा सेन, देवदास दिलीपकुमार आणि चंद्रमुखी वैजयंतीमाला. 'नागिन'नंतर लगेचच, नाचगाण्याची बाई असा शिक्का ताजा असताना, बिमलदांनी ही भूमिका त्यांना दिली. चंद्रमुखी कोठ्यावर नाचते, तो भाग त्यांच्यासाठी सोपाच. खरी चंद्रमुखी दिसते ती नाच सोडल्यावर. दागिने उतरवलेली, साध्या साडीतली, गावात जाऊन राहिलेली. एका प्रसंगात ती रस्त्याने चालली आहे आणि समोरून पारोची पालखी येते. दोघी एकमेकींना पाहतात. दोघींची ओळख नाही. एक शब्द नाही. त्या काही क्षणांत दोन बायकांच्या चेहऱ्यांवरून जे सरकतं, त्याला नृत्याच्या शास्त्रात सात्त्विक अभिनय म्हणतात आणि तो वर्षानुवर्षं पदम्, म्हणजे अभिनयप्रधान रचना, करताना शिकावा लागतो. फिल्मफेअरने या भूमिकेसाठी त्यांना सहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार जाहीर केला. त्यांनी तो नाकारला. माझी भूमिका पारोच्या बरोबरीची आहे, दुय्यम नाही, हे त्यांचं म्हणणं. अजून विशीत असलेल्या, मुंबईत बाहेरच्या असलेल्या मुलीने फिल्मफेअरची बाहुली परत करणं हे आजच्याही हिशेबात धाडसच. कादंबरीकडे पाहिलं तर त्यांचं म्हणणं बरोबरही होतं.

आणि इथे तो मघाचा धागा. मद्रासमध्ये हा नाच देवदासीच्या हातून काढून, धुऊनपुसून, सभ्य घरातल्या मुलीच्या हाती दिला जात होता. त्या सभ्य घरातल्या मुलीने पडद्यावर वारंवार रंगवली ती कोण? 'देवदास'मधली चंद्रमुखी. १९५८च्या 'साधना'तली कोठ्यावरची बाई, जिच्यासाठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पहिला फिल्मफेअर मिळाला. १९६६ची 'आम्रपाली', वैशालीची नगरवधू. १९६८च्या 'संघर्ष'मधली गणिका. समाजाने जिला मंचावरून घालवलं तीच बाई या नर्तकीच्या शरीरातून परत परत येत राहिली, आणि तिच्याबद्दल प्रेक्षकाला करुणा वाटायला लावत राहिली. हे ठरवून झालं असं मी म्हणणार नाही. हिंदी सिनेमाला तवायफ लागतच असे आणि नाचता येणारी नटी हाताशी होती, इतकं साधं कारण असू शकेल. पण घडलं ते असं आहे. त्यात आवाज लताबाईंचा. ज्यांचे वडील मास्टर दीनानाथ मंगेशीचे, ज्यांची आजी येसूबाई देवळाच्या सेवेच्या परंपरेतली. 'साधना'चं संगीत देणारे दत्ता नाईक ऊर्फ एन. दत्ता, हेही गोव्याचेच. गोमंतकातल्या कलावंत घराण्यांनी जे सोसलं आणि जे दिलं ते ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही गाणी ऐकताना निराळं काही जाणवायला हरकत नाही.

'साधना'च्या वर्षीच 'मधुमती' आला. ऋत्विक घटक यांची कथा, बिमल रॉय यांचं दिग्दर्शन, सलील चौधरींचं संगीत, एकूण नऊ फिल्मफेअर. मधुमती, माधवी आणि राधा अशा तीन भूमिका. माझं लक्ष माधवीकडे जातं. ती शहरातली नर्तकी आहे आणि मेलेल्या मधुमतीचं सोंग घेऊन खुन्याला घाबरवायचं काम तिच्यावर आहे. म्हणजे नर्तकीने एका भोळ्या डोंगरी मुलीची चाल, मान, नजर उचलायची. एकच नटी दोघींना करते आणि दोघींच्या चालण्यात फरक ठेवते. अभिनेत्रीच्या पुरस्कारासाठी 'मधुमती' आणि 'साधना' अशी दोन्ही नामांकनं त्यांचीच होती. त्या वर्षी त्या स्वतःशीच हरल्या आणि स्वतःशीच जिंकल्या.

त्याआधीचा 'नया दौर' त्यांच्याकडे आला तो भांडणातून. बी. आर. चोप्रांनी मधुबालाला घेतलं होतं. बाहेरगावच्या चित्रीकरणाला तिच्या वडिलांनी नकार दिला, प्रकरण न्यायालयात गेलं, दिलीपकुमार साक्षीला उभे राहिले, आणि टांगेवाल्याची प्रेयसी झाल्या वैजयंतीमाला. दिलीपकुमारांबरोबर त्यांचे एकूण सात चित्रपट. त्यातला मुकुटमणी १९६१चा 'गंगा जमना'. धन्नो ही पुरबी बोली बोलणारी, शेतात राबणारी, फाटक्या तोंडाची बाई. मातृभाषा तमिळ असलेल्या नटीने त्या बोलीचा लहेजा असा उचलला की अवधकडचे लोकही मान्य करतात. नाचण्यापलीकडे हिला काय येतं, असं म्हणणाऱ्यांची तोंडं या एका सिनेमाने बंद व्हायला हवी होती. दुसरा फिल्मफेअर यासाठी.

सी. रामचंद्र यांचा उल्लेख मराठी लेखात न करणं म्हणजे पाप. पुणतांब्याचा हा माणूस मद्रासला गेला आणि १९५८ साली वासन यांच्या 'वंजिकोट्टै वालिबन' या तमिळ चित्रपटाला त्याने संगीत दिलं; हिंदीत तो 'राजतिलक' नावाने आला. त्यात वैजयंतीमाला आणि पद्मिनी यांची नृत्यस्पर्धा आहे. तमिळनाडूत आजही दोन नर्तकींच्या जुगलबंदीचा विषय निघाला की पहिलं नाव तिचंच निघतं. त्रावणकोरच्या पद्मिनीकडे लावण्य आणि सहजता, वैजयंतीमाला यांच्याकडे धार आणि नेमकेपणा. कोण जिंकलं यावर तिकडे अजून वाद होतात. सिनेमाने निकाल लावला नाही, मीही लावणार नाही.

१९६४च्या 'संगम'बद्दल लिहिताना लोक राज कपूरशी असलेल्या नात्याच्या चर्चेत अडकतात. वैजयंतीमाला यांनी २००७च्या आत्मचरित्रात ते सगळं प्रसिद्धीसाठीचं होतं असं ठामपणे लिहिलं. ऋषी कपूर यांनी पुढे आपल्या पुस्तकात ते खोडून काढलं. वाचकाने दोन्ही वाचावं, हवं ते मानावं. माझी तक्रार वेगळी आहे. ज्या बाईच्या नाचावर पुस्तकं निघायला हवीत तिच्यावरची निम्मी शाई या एका गोष्टीवर वाया गेली. 'संगम'मधला पाहण्याजोगा तुकडा म्हणजे पॅरिसच्या हॉटेलातला. कॅबरे पाहायला निघालेल्या नवऱ्याला खोलीतच अडवून, हाताला लागेल त्या सामानानिशी बायको त्याला कॅबरे करून दाखवते. नक्कल म्हणून सुरू झालेला तो नाच हळूहळू टोचू लागतो. हास्य आणि राग एकाच वेळी चेहऱ्यावर ठेवणं, हे अभिनयाचं जुनं शिक्षणच तिथे कामाला आलेलं आहे.

शुद्ध नृत्याच्या दृष्टीने मात्र सगळ्यात महत्त्वाचा चित्रपट तिकीटबारीवर पडला. 'आम्रपाली', दिग्दर्शक लेख टंडन. अजातशत्रू आणि वैशालीची नगरवधू यांची कथा. संगीत शंकर-जयकिशन, नृत्यरचना गोपीकृष्ण, आणि वेशभूषा कोल्हापूरच्या भानुमती राजोपाध्ये यांची, म्हणजे भानू अथैया. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरून त्यांनी आम्रपालीची वस्त्रं आणि अलंकार बेतले. त्या वेळच्या ऐतिहासिक चित्रपटांत राजनर्तकी म्हणजे जरीची झूल घातलेली बाई असे. भानू अथैयांनी नर्तकीचं शरीर, विशेषतः कंबर आणि खांदा, रेषेसारखं मोकळं ठेवलं. त्यामुळे पडद्यावर नाच दिसतो. वेशभूषेखाली नाच झाकला न जाणं ही आपल्या सिनेमात दुर्मीळ गोष्ट. ऑस्करसाठी भारताने हा चित्रपट पाठवला होता, नामांकन मिळालं नाही. भानू अथैयांना पुढे 'गांधी'साठी ऑस्कर मिळालं, तेव्हा कुठे लोकांना 'आम्रपाली'चे कपडे आठवले.

पुढच्याच वर्षीचा 'ज्वेल थीफ'. शेवटाकडे येणारं, सिक्कीमच्या राजवाड्यातलं ते लांबलचक नृत्यगीत. रचना सोहनलाल यांची. विजय आनंद यांनी एक शहाणपणा केला: कॅमेरा तिच्यामागे पळवला, वर्तुळात फिरवला, पण उगाच तोडला नाही. त्यामुळे पायापासून डोळ्यापर्यंत सबंध नर्तकी बऱ्याच वेळा चौकटीत राहते. शिवाय नाचणाऱ्या पात्राच्या मनात भीती आहे, आजूबाजूला शत्रू आहेत, आणि हसत नाचायचं आहे. हिंदी सिनेमातली पहिली पाच नृत्यगीतं निवडायला मला कुणी सांगितलं तर हे त्यात असेल.

१९६८ साली लग्न झालं, पद्मश्रीही त्याच साली. मागे 'प्रिन्स'सारखे काही चित्रपट प्रदर्शित व्हायचे राहिले होते, त्यात हेलनबरोबरचा सामना आहे. तो करमणुकीचा, त्यावर वेळ घालवायला नको. त्याच १९६८ साली 'सपनों का सौदागर'मधून हेमा मालिनी आल्या. पुन्हा तमिळ अय्यंगार घर, पुन्हा भरतनाट्यम, पुन्हा राज कपूर नायक. वहिदा रेहमान आधीपासून होत्याच. दक्षिणेची मुलगी, तिला नाच येणारच, हा मुंबईचा समज पुढे श्रीदेवी-जयाप्रदापर्यंत चालला. तो अर्थात वैजयंतीमाला यांनी पाडलेला पायंडा. त्याने अनेकींना दार उघडून दिलं, आणि अनेकींना फक्त दारात नाचत ठेवलं.

नायिकांना चाळिशीनंतर आईच्या भूमिका मिळतात. वैजयंतीमाला यांनी ते वळण घेतलंच नाही. त्यांनी केलं ते असं: तंजावूर परंपरेच्या के. पी. किट्टप्पा पिळ्ळै यांच्याकडे शिकल्या, विस्मरणात चाललेली वर्णम् पुन्हा उभी केली, स्वतःची नृत्यमंडळी घेऊन देशात-परदेशात कार्यक्रम केले. एवढं नाव झाल्यावर पुन्हा शिष्या होऊन बसायचं, ही गोष्ट बोलायला सोपी आहे.

किट्टप्पा पिळ्ळै कोण, ते आपल्याला ठाऊक असायलाच हवं. ते 'तंजावूर चौकडी'च्या वंशातले. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु हे चार भाऊ. अलारिप्पु, जतिस्वरम्, शब्दम्, वर्णम्, पदम्, तिल्लाना असा भरतनाट्यमच्या कार्यक्रमाचा जो क्रम आज जगभर पाळला जातो तो या चौघांनी बसवला. आणि ते होते दुसऱ्या सरफोजीराजांच्या दरबारात, म्हणजे भोसल्यांच्या तंजावुरात. १७९८ ते १८३२ ही सरफोजींची कारकीर्द. राजाने स्वतः नृत्यासाठी मराठीत निरूपणं लिहिली; ती सरस्वती महाल ग्रंथालयात पडून होती. मुंबईचे आचार्य पार्वतीकुमार यांनी ती शोधून, नाचात बसवून 'तंजावूर नृत्यप्रबंध' म्हणून लोकांपुढे आणली. त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर पुढे किट्टप्पा पिळ्ळै यांच्याकडेही शिकल्या. म्हणजे पुण्यातली एक नर्तकी आणि मद्रासची ही तारका गुरुभगिनी लागतात. वैजयंतीमाला यांचं सिनेमातलं गाणं लागलं की आपल्याला ते आपलं वाटतं, ठीकच आहे. त्यांचं वर्णम् त्याहून आपलं आहे.

राजकारणाचं थोडक्यात. १९८४ आणि १९८९ साली दक्षिण मद्रासमधून काँग्रेसच्या तिकिटावर लोकसभेत, १९९३ ते १९९९ राज्यसभेत नामनियुक्त. त्यात संस्मरणीय असं फारसं काही नाही. १९८६ साली डॉ. बाली गेले. नाच चालूच राहिला. गोल्फही त्या आवडीने खेळत. तिथेही शेवटी शरीराचा तोल आणि नजर, एवढंच.

पद्मविभूषण २०२४ साली मिळालं, पद्मश्रीनंतर छप्पन्न वर्षांनी. त्याच यादीत भरतनाट्यमच्या पद्मा सुब्रह्मण्यम् यांचंही नाव होतं. नव्वदीत नाचणाऱ्या बाईला अरैमंडीत पूर्वीसारखं बसता येत नाही, उड्या नाहीत, वेग नाही. अयोध्येच्या चित्रफितीत उरलेत ते हात, डोळे आणि लय. तरुणपणी वेगाने दिपवणाऱ्या अनेक नर्तकींजवळ या वयात उरायला काही नसतं.

त्यांचा नाच पाहायचा असेल तर माझी एक विनंती आहे. 'नागिन'पासून सुरुवात करू नका. 'आम्रपाली' आधी पाहा, मग 'ज्वेल थीफ'चं ते गीत, मग 'देवदास'मधला पालखीचा प्रसंग, जिथे त्या नाचतच नाहीत. आणि तुमच्या गावात कधी तंजावूर चौकडीचं वर्णम् किंवा सरफोजीराजांची निरूपणं कुणी नाचणार असेल, तर तिकीट काढून जा. अशा कार्यक्रमांना आपल्याकडे पहिल्या दोन रांगाच भरतात.